रंग काढणं

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला मुंबईतला हुतात्मा चौक जवळजवळ रिकामा असतो. सायकलवाल्यांचं एखादं टोळकं, गळ्यात कॅमेरे अडकवलेली कॉलेजची चार-दोन पोरं, आणि कबुतरं. अशाच एका रविवारी कारंज्याच्या कठड्यापाशी साठी ओलांडलेलं एक जोडपं उभं होतं. बाईंनी मान वर करून बराच वेळ कारंज्यावरच्या फ्लोराकडे, फुलांच्या रोमन देवतेकडे, पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ही पांढरीशुभ्र होती ना? केवढी मळलीय बघा." गृहस्थांनी चष्मा वर सरकवला, खालपासून वरपर्यंत एकदा पाहून घेतलं आणि निकाल दिला, "रंग काढायला पैसे नसतील." एवढं बोलून दोघं काळ्या घोड्याच्या दिशेने निघून गेली.

'रंग काढणं' हा मराठीतला मोठा फसवा शब्दप्रयोग आहे. गणपतीच्या आधी घराला रंग काढतात तेव्हा तो लावलेला असतो. आणि दाराचा जुना रंग पॉलिश पेपरने घासून काढतात तेव्हा तो खरोखरच निघालेला असतो. गृहस्थांच्या मनात पहिला अर्थ होता. फ्लोरावर पैसा, माणसं आणि जवळपास दोन वर्षं खर्ची पडली ती दुसऱ्या अर्थाने. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली कारंजं दुरुस्त होऊन जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा सुरू झालं, त्याआधी त्याच्या अंगावर ऑइल पेंटचे थरावर थर होते. दर काही वर्षांनी कुणीतरी सद्भावनेने एक हात फिरवायचं. नाकाची धार गेली, बोटं एकमेकांना चिकटली, वस्त्राच्या चुण्या बुजल्या, आणि ती बाई लांबून एखाद्या थंड बर्फीसारखी दिसू लागली. त्याखालून निघाला तो पोर्टलंडचा दगड, म्हणजे इंग्लंडहून जहाजाने आणलेला चुनखडक. त्याचा रंग शिळ्या सायीचा असतो. दाट, किंचित पिवळट, उन्हात उजळणारा आणि सावलीत राखाडी पडणारा. १८६४ मध्ये रिचर्ड नॉर्मन शॉच्या आराखड्यावरून जेम्स फोरसाइथने ही मूर्ती घडवली तेव्हाही तो असाच होता. पांढरीशुभ्र फ्लोरा ही आपल्या दोन-तीन पिढ्यांची आठवण आहे, आणि ती आठवण डब्यातून आलेली आहे.

ऑइल पेंटने दगडाचं नेमकं काय बिघडतं, हे एकदा कळलं की मग शहरभर तेच दिसत राहतं. चुनखडक सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो, ऑक्टोबरात ते बाष्पाने सोडून देतो. मुंबईत त्या पाण्याबरोबर समुद्राचं मीठही आत जातं. दगड उघडा असेल तर मीठ पृष्ठभागावर येऊन पांढरी पूड होते. भिंतीला लोणा लागतो तसंच. पुढच्या पावसात ती धुऊन जाते. वरून रंगाचा पापुद्रा ओढला की पाणी सांध्यांतून आणि भेगांतून आत शिरतंच, पण बाहेर पडायची वाट बंद होते. मग मिठाचे स्फटिक पापुद्र्याच्या मागे धरतात, फुगतात आणि दगडाची कातडी आतून फोडतात. काही महिन्यांत रंगाला पोपडे येतात. पोपड्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर बारीक भुकटी लागते. ती रंगाची नसते, मूर्तीची असते. रंगारी पोपडे खरवडतो, भुकटी झटकतो, खड्ड्यात पांढरं सिमेंट भरतो आणि नवा हात मारतो. प्रत्येक खेपेला मूर्ती थोडी थोडी रंगाऱ्याच्या झाडूत जाते.

सिमेंटची गोष्ट याहून वाईट. जुन्या दगडकामाचे सांधे चुन्यात भरलेले असतात. एक भाग मुरलेला चुना, तीन भाग धुतलेली चाळलेली वाळू, असं साधारण प्रमाण. चुना जितका जास्त मुरेल तितका लोण्यासारखा होतो, म्हणून जुने गवंडी तो महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवत. काही ठिकाणी त्यात गुळाचं किंवा बेलफळाचं पाणी घालत. हा सांधा दगडापेक्षा मऊ असतो, आणि तो मऊ असणं हेच त्याचं काम. उन्हापावसाने दगड हलला की सांधा भेगाळतो, पाणी सांध्यातून सुकतं, आणि काही दशकांनी सांधा पुन्हा भरला की झालं. तिथे सिमेंट भरलं की गणित उलटतं. सांधा दगडापेक्षा कठीण होतो. मग ताण दगडावर येतो आणि दगडाच्या कडा फुटतात. फोर्टातल्या कुठल्याही जुन्या भिंतीपाशी उभं राहून पाहावं. दगड खोल झिजलेला आणि सांध्याची राखाडी रेघ मात्र फासळीसारखी बाहेर आलेली दिसली, तर तिथे कुणीतरी मजबुती केली आहे असं समजावं.

आणि लोखंड. मूर्तीचा हात, कारंज्याची कड, कमानीवरचं फूल असे सुटे भाग आत लोखंडी खुंट्या घालून बसवलेले असतात. जाणते कारागीर त्या खुंट्यांभोवती वितळलेलं शिसं ओतत, म्हणजे पाणी लोखंडापर्यंत पोचत नसे. जिथे शिसं सुटलं तिथे गंज. गंजलेलं लोखंड मूळच्या कित्येक पट जागा व्यापतं आणि दगड सरळ रेषेत तडकतो. अशा तड्यातून तपकिरी ओघळ आलेला असतो. त्यावर रंग मारला तर ओघळ झाकला जातो, हात मात्र एखाद्या पावसाळ्यात खाली येतो. यावर उपाय एकच. भाग उतरवायचा, जुनी खुंटी काढायची, गंज न धरणाऱ्या पोलादाची घालायची, आणि चुन्यात बसवायचं.

रंग काढायचं काम त्या मानाने संथ, घरगुती म्हणावं असं. आधी मूर्तीच्या पाठीमागे, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, हाताच्या तळव्याएवढा तुकडा निवडायचा. तिथे रंग मऊ करणारी पेस्ट लावून पाहायची आणि किती वेळाने थर फुगतो ते मोजायचं. मग एकेका फूटभर भागावर पेस्टचा जाड थर, वरून प्लास्टिकचा कागद, म्हणजे ती वाळत नाही. फुगलेला रंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचा. तारेचा ब्रश हातात घ्यायचाच नाही, कारण त्याचे पोलादी कण दगडात अडकतात आणि पुढच्या पावसात मूर्तीला तांबूस पुरळ उठतं. उरलेलं मऊ ब्रशने आणि अगदी कमी दाबाच्या पाण्याने धुवायचं. छिद्रांत गेलेला डाग काढायला मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा ओला लेप थापायचा. तो वाळताना डाग ओढून घेतो. एकदा, दोनदा, पाचदा. घाई असणारे लोक वाळूचा फवारा मारतात. एका दिवसात मूर्ती लख्ख होते, पण दगडावर वर्षानुवर्षांत तयार झालेली कठीण कातडी त्या फवाऱ्यात उडून जाते आणि आतला कोवळा दगड उघड्यावर येतो.

एवढं सगळं नीट केलं की मूर्ती मळकट दिसते.

जोडप्याचं वाक्य म्हणूनच सलतं. ती माणसं बघणारी होती. मुंबईत चौकात थांबून मान वर करणारे किती? त्यांना फरक जाणवला, फक्त त्यांनी तो उलटा वाचला. आपल्याकडे स्वच्छ म्हणजे नवा, आणि नवा म्हणजे चकचकीत, हे समीकरण फार घट्ट बसलंय. देवळाच्या काळ्या दगडी दीपमाळेला चंदेरी रंग फासला की गावाला जीर्णोद्धार झाल्यासारखं वाटतं. तिथे शहरातल्या रोमन देवतेला कोण वेगळा न्याय देणार?

चुनखडकावरचा खरा मळ ओळखायचा असेल तर पावसाची वाट वाचता यायला हवी. डोकं, खांदे, पुढे केलेला हात, म्हणजे जिथे जिथे सरी थेट पडतात, तो भाग उजळ असतो. हनुवटीखाली, काखेत, वस्त्राच्या खोल घडीत पाऊस पोचत नाही. तिथे गाड्यांच्या धुरातला गंधक चुनखडीशी मिळून जिप्समचा खरपूस थर धरतो आणि त्यात काजळी अडकते. त्यामुळे उजेड आणि सावली उलट्या पडल्यासारख्या वाटतात, निगेटिव्ह पाहावी तशा. हा काळा थर फक्त घाण नसतो. त्याच्या मागचा दगड सुटत चाललेला असतो, आणि थर निघताना पापुद्रा घेऊन निघतो. फ्लोराला दुर्बिणीतून पाहिलं (पाहावंच, साधी पक्षीनिरीक्षणाची आठ बाय चाळीस पुरते) तर गळ्याखालच्या सावलीत हा खेळ दिसायला लागतो.

तिथून काळ्या घोड्यापर्यंत चालत पाच-सात मिनिटं. मूळचा घोडा ब्राँझचा होता. त्यावर वेल्सचा राजपुत्र, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, बसलेला. जोसेफ बोहमने घडवला, अल्बर्ट ससूनने शहराला दिला, १८७९ मध्ये उभा राहिला. राजपुत्राचं नाव, ससूनचं दातृत्व, चौथऱ्यावरची चित्रं, यातलं लोकांनी काहीही उचललं नाही. त्यांनी रंग उचलला. ताजं ब्राँझ सोनेरी-तपकिरी असतं. हवेत, धुरात, दमट उन्हात ते काळवंडतं. म्हणजे नाव पडलं तेच मुळी गंजाच्या रंगावरून. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला. चौकात पन्नासेक वर्षं घोडा नव्हता आणि तरी टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' सांगितलं की तो तिथेच आणून सोडायचा. २०१७ मध्ये वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांच्या कल्पनेतून आणि श्रीहरी भोसले यांच्या हातून नवा घोडा आला. खोगीर नाही, स्वार नाही, आणि या वेळी काळेपण जन्मापासूनचं. पोरं त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात तेव्हा घोडा फारच समजूतदार दिसतो.

ब्राँझची निगा दगडापेक्षा सोपी, म्हणूनच तिच्याकडे होणारं दुर्लक्ष जास्त चिडवतं. सौम्य साबणाच्या पाण्याने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग थोडं कोमट करून मेणाचा पातळ हात द्यायचा आणि मऊ कापडाने घासायचं. मुंबईसारख्या खाऱ्या हवेत हे दर वर्षी, पावसाळ्याच्या आधी. गडद तपकिरी किंवा काळपट, एकसारखी झाक असेल तर ती धातूने स्वतःभोवती घेतलेली घोंगडी आहे, तिला हात लावू नये. फिकट हिरवी, भुकटीसारखी, बोटाला लागणारी ठिपकी दिसली तर मात्र मीठ धातू खातंय. एवढंच. पण गावोगाव जयंतीच्या आदल्या दिवशी शिडी लागते आणि पुतळ्याला सोनेरी नाहीतर तांबडट एनॅमल फासलं जातं. मिशीचा केस न् केस कोरलेला असतो, तो बुजतो. शिल्पकाराने डोळ्याच्या बाहुलीला पाडलेला खड्डा भरून निघतो आणि नजर जाते. दुसऱ्या दिवशी त्याच पुतळ्याला आपण हार घालतो.

काळ्या घोड्याचा मूळ स्वार बघायचा तर राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात जायचं. बुधवारी बंद असतं. मागच्या बाजूला फोर्टातून काढलेले साहेब लोक उभे-बसलेले आहेत, बऱ्याच जणांना नाकं नाहीत. त्यांच्यात संगमरवरी व्हिक्टोरिया आहे. मॅथ्यू नोबलने घडवलेली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेली. ही पूर्वी एस्प्लनेडवर, म्हणजे आपल्या फ्लोरापासून हाकेच्या अंतरावर होती. आणि हिच्यावर १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर ओतलं, गळ्यात खेटरांची माळ घातली. रँडच्या आधीची ही गोष्ट आपल्याकडे एका ओळीत सांगून पुढे जातात. पुढची ओळ मात्र फारशी कुणी सांगत नाही: मग ते डांबर निघालं कसं?

संगमरवर दिसायला काचेसारखा घट्ट, पण त्यालाही बारीक छिद्रं असतात. डांबरातलं तेल आत झिरपतं. वरचं काळं खरवडलं तरी तपकिरी सावली राहते, आणि जितकं चोळावं तितकी पसरते. आम्ल लावावं तर डागाआधी संगमरवरच फसफसून विरघळतो. भल्याभल्यांनी हात टेकले. शेवटी मुंबईच्या विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी तो डाग काढून दाखवला. बडोद्याचं कलाभवन उभारणारे हे गज्जर, पुढे अलेंबिक या औषध कंपनीच्या उभारणीतही होते. रंग आणि रंगाई हा त्यांचा जन्माचा विषय. कापडावर रंग पक्का कसा बसवायचा हे ज्याने शिकवलं, त्यानेच दगडावरचा रंग काढला. या प्रसंगी कुणाच्या बाजूने उभं राहावं, हे राणीच्या बागेत त्या पुतळ्यासमोर आजही ठरत नाही. डांबर ओतणाऱ्याचा राग खरा होता. डाग काढणाऱ्याचं कसबही खरं होतं. सत्ता गेली, राग निवला, आणि आता चाफ्याखाली ती नकटी बाई बसलीय. तिच्या मांडीवर पानं पडतात.

बाकी फोर्ट हा दगडांच्या रंगांचा नमुना-कागद आहे. पाहायचा असेल तर वेळ सांभाळावी लागते. गेटवे सकाळी, कारण त्याचं तोंड समुद्राकडे, पूर्वेला. खारोडीचा पिवळा दगड सातच्या उन्हात मधासारखा दिसतो आणि अकरापर्यंत सपाट होतो. राजाबाई टॉवर संध्याकाळी. तो पश्चिमेला ओव्हलकडे बघतो, पाच-साडेपाचला ऊन आडवं आलं की कुर्ल्याचा पिवळसर दगड आतून पेटल्यासारखा वाटतो. सगळे घड्याळ बघतात. घड्याळाच्या आसपास पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या चोवीस मूर्ती आहेत, त्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवल्या. टॉवरचा आराखडा करणाऱ्या स्कॉटसाहेबाचं नाव सगळ्यांना पाठ, मुकुंद रामचंद्र मात्र तिथल्या तिथे उंचावर हरवलेत. भिंतींना कुर्ल्याचा खरबरीत दगड आणि कोरीव कामाला पोरबंदरचा, अशी वाटणी या भागात पुष्कळ ठिकाणी दिसते. पोरबंदरी दगड मऊ, छिन्नीला लोण्यासारखा. पानं, माकडं, मोर त्यात झटपट निघतात. आणि झटपट झिजतातही, समुद्राकडच्या बाजूला आधी. काळा घट्ट बसाल्ट मात्र पायाला. त्याचा खरा रंग जुलैत कळतो. भिजला की तो निळा होतो.

क्रॉफर्ड मार्केटपाशी कुर्ल्याच्या पिवळ्यात वसईचा तांबडा मिसळलेला आहे. दारांवरची शेतकऱ्या-मजुरांची शिल्पं जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगची. खालून वाहणारी गर्दी ती बघायला थांबू देत नाही, म्हणून रस्त्याच्या पलीकडून पाहावीत. आतल्या कारंज्यावरही रंगाचे भडक हात फिरले होते. त्याबद्दल आता नव्याने काय चिडायचं.

रंग सगळीकडे वाईट, असंही नाही. राजाबाईकडे पाठ करून ओव्हलच्या पश्चिमेला वळलं की आर्ट डेकोची रांग आहे, तिला सकाळचं ऊन हवं. त्या इमारती सिमेंट-काँक्रीटच्या, गिलाव्याच्या. फिकट पिवळा, गुलाबी, हिरवट हे त्यांचे मूळचे कपडे. त्यांना रंग काढलाच पाहिजे, पहिल्या अर्थाने, आणि वेळच्या वेळी. नाहीतर आतल्या सळ्या गंजतात आणि छज्जे सुटतात. फ्लोराच्या जवळच १९३६ ची न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत आहे. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी कुंभार, शेतकरी, सूत कातणाऱ्या बायका अशा उभ्या, जड, शांत आकृती केल्या आहेत. इन्शुरन्स कंपनीच्या दारात राबणारी माणसं, आणि चौकात हुतात्मा स्मारकाची मशाल धरलेले शेतकरी-कामगार. मध्ये ती फुलांची देवता. मूळची तीही इथली नव्हे. तिला राणीच्या बागेसाठी घडवलं होतं, तिथे न जाता ती किल्ल्याच्या पाडलेल्या चर्चगेटच्या जागी आली. बदल्यात बागेला मिळाले साहेब लोक. हा सौदा शहराच्या फायद्याचाच झाला म्हणायचा.

कारंजं चालू असतं तेव्हा फ्लोराच्या पायाखालच्या शिंपल्यांतून पाणी सांडतं. ओला पोर्टलंड गडद होतो, पिकलेल्या कवठाच्या आतल्या रंगाजवळ जातो. वाळला की पुन्हा साय. बोअरचं कठीण पाणी असेल तर कडांवर खडीसारखी पांढरी पुटं चढतात, पंपाच्या जाळीत पिशवी अडकली की एका बाजूचा धबधबा आंधळा होतो, आणि कोपऱ्यात शेवाळ धरतं. यातलं काहीही ब्रश आणि साध्या पाण्याने, दर आठवड्याला, निघू शकतं. त्यासाठी माणूस लागतो, डबा नाही.

कठड्यापाशी एक जण पिशवीतून चणे टाकत होता. पुण्य लागतं म्हणतात. शंभरेक कबुतरं खाली उतरली, टिपली, आणि टाळीसारखा आवाज करत परत वर गेली, थेट देवीच्या डोक्यावर आणि खांद्यांवर. तिच्या डाव्या खांद्यावरून एक जाड ओघळ दंडापर्यंत आला होता आणि उन्हात वाळत होता. पांढराशुभ्र.